नडग्या, टाळू, केस आणि पोट: खोबरेल तेलाविषयी एका घराच्या प्रश्नांना उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपले घर मूळचे देवगडकडचे, आता वास्तव्य पुण्यात. घरात ५ महिन्यांचे बाळ आहे. सासरे ७२ वर्षांचे आहेत, त्यांना मधुमेह आहे आणि थंडी सुरू झाल्यापासून त्यांच्या दोन्ही नडग्यांना सतत खाज सुटते. आपले स्वतःचे केस गेले दोन महिने पुंजक्यांनी गळत आहेत आणि कपाळावर बारीक पुटकुळ्या उठल्या आहेत. गावाहून येणारे खोबरेल तेल या सगळ्यावर पुरेसे आहे असे सासूबाईंचे म्हणणे आहे, तर धाकटे दीर वजन उतरावे म्हणून रोज सकाळी उपाशीपोटी त्याच तेलाचे दोन मोठे चमचे पितात. यातले किती खरे मानावे, असे आपण विचारले आहे. त्वचारोगांवर उपचार करण्यात माझी २६ वर्षे गेली, त्यांतली पहिली ९ रत्नागिरीत आणि पुढची देशावर, त्यामुळे एकच तेल दमट हवेत कसे वागते आणि कोरड्या हवेत कसे वागते हे जवळून पाहायला मिळाले. सासूबाईंचे सासऱ्यांच्या बाबतीत जवळजवळ पूर्ण बरोबर आहे, बाळाच्या बाबतीत बऱ्याच अंशी बरोबर आहे, आपल्या केसांच्या बाबतीत अर्धे बरोबर आहे आणि कपाळाच्या बाबतीत चूक आहे. दिरांच्या चमच्यांविषयी शेवटी लिहितो, कारण तो प्रश्न त्वचेचा नसून रक्तवाहिन्यांचा आहे.

आधी या तेलाची घडण सांगतो, कारण पुढचे बरेचसे तिच्यावरूनच समजते. खोबरेल तेलातील सुमारे ९० टक्के मेदाम्ले (फॅटी अ‍ॅसिड) संपृक्त, म्हणजे सॅच्युरेटेड असतात आणि एकूण मेदाम्लांपैकी जवळपास निम्मा वाटा एकट्या लॉरिक आम्लाचा असतो. शेंगदाणा, करडई किंवा सूर्यफूल यांच्या तेलाची घडण नेमकी याच्या उलट असते. संपृक्त असल्यामुळे खोबरेल तेल हवा लागून सहजी खवट होत नाही आणि तापमान साधारण २४ अंशांच्या खाली गेले की गोठते. त्वचेच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की कोणत्याही तेलात पाणी नसते. खोबरेल तेल त्वचेला ‘ओलावा देते’ असे जाहिरातीत म्हणतात ते शब्दशः खरे नाही, कारण ते त्वचेत आधीच असलेले पाणी उडून जाऊ देत नाही, एवढेच त्याचे काम आहे. हे काम लहान नाही. परंतु कोरड्या त्वचेवर कोरडेच तेल चोळले तर कोंडून ठेवायला पाणीच नसते, आणि बहुतेक घरांत तेल लावण्याची चूक होते ती इथेच.

सासऱ्यांपासून सुरुवात करतो. उतारवयात त्वचेतील तैलग्रंथी मंदावतात, मधुमेहात पायांचा घाम कमी होतो आणि नोव्हेंबरनंतर पुण्याची हवा कोरडी पडते. या तिन्हींचा पहिला फटका नडग्यांना बसतो, कारण तिथे तैलग्रंथी मुळातच विरळ असतात. त्वचेवर सुकलेल्या तळ्याच्या तळासारख्या बारीक भेगा दिसू लागतात, माणूस नखाने खाजवतो, ओरखडे उठतात, आणि मधुमेह असला की तेच ओरखडे चिघळण्याचे निमित्त होतात. रत्नागिरीत असताना असे पाय मला क्वचितच पाहायला मिळत. देशावर आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात त्यांची रांग लागली, आणि त्यांतले कितीतरी ज्येष्ठ मुलांकडे राहायला आलेले कोकणातले होते. गावी असताना त्यांची त्वचा तेलावाचूनही निभावून नेत होती, कारण तिथल्या हवेतच पाणी होते.

यावर खोबरेल तेल चालते का? चालते. फिलिपिन्समध्ये झालेला आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक छोटा, पण नीट आखलेला अभ्यास आहे. त्यात कोरड्या त्वचेच्या ३४ रुग्णांपैकी काहींना खोबरेल तेल आणि काहींना खनिज तेल, म्हणजे औषधाच्या दुकानातले लिक्विड पॅराफिन, दोन आठवडे लावायला दिले. दोन्ही गटांना सारखाच गुण आला. हा निष्कर्ष सांगताना मी नेहमी दोन्ही बाजू सांगतो. गावचे तेल लिक्विड पॅराफिनपेक्षा कमी नाही, आणि त्याहून फार सरसही नाही. घरी चांगले तेल असेल तर पैसे वाचतात, इतकेच.

मात्र लावायची रीत बदलायला हवी. सासऱ्यांनी बंबातले कढत पाणी सोडून कोमट पाण्याने आंघोळ करावी, साबण काखा, जांघा आणि पावले यांच्यापुरताच वापरावा, आणि अंग टिपून झाले की त्वचा दमट असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, प्रत्येक पायाला अर्धा चमचा तेल हलक्या हाताने वरून खाली पसरावे. रात्री झोपताना पुन्हा लावायचे असेल तर आधी ओला हात फिरवून घ्यावा. साबणावरून आठवले म्हणून सांगतो. ‘खोबरेल तेलाचा साबण’ म्हणून जे महागडे साबण मिळतात, ते तेलासारखे सौम्य असतील असे गृहीत धरू नये. क्षाराशी संयोग होऊन साबण तयार झाला की त्यातले लॉरिक आम्ल तेलाच्या रूपात राहत नाही. त्या साबणाला फेस उदंड येतो, अगदी खाऱ्या पाण्यातही येतो, आणि तोच फेस त्वचेतील स्निग्धता धुऊन नेतो.

मधुमेह असल्यामुळे आणखी काही पथ्ये आहेत. पायांच्या बोटांच्या बेचक्यांत तेल अजिबात लावू नये, कारण तिथला ओलावा कोंडला की चिखल्या होतात. तळव्यांना तेल लावून फरशीवरून चालू नये. घसरून खुब्याचे हाड मोडलेली म्हातारी माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या त्वचेपेक्षा ते दुखणे कितीतरी मोठे असते. टाचांना खोल भेगा असतील तर तेल पुरे पडत नाही, तिथे युरियाचे मलम लागते. तीन आठवडे असे करूनही खाज राहिली तर रक्तातील साखर, मूत्रपिंड आणि थायरॉइड यांची तपासणी करून घ्यावी. खाज रात्री वाढत असेल आणि घरात आणखी कोणी खाजवत असेल तर ती खरूज असण्याची शक्यता अधिक, आणि खरजेवर खोबरेल तेल चोळत बसणे म्हणजे घरभर तिचा प्रसार होऊ देणे होय.

आता बाळ. आपल्याकडे बाळाला तेल लावण्याला केवळ उपचाराचा अर्थ नाही, त्यात आजीचा हात, कोवळे ऊन आणि शेक-शेगडीही येते. ती रीत मोडा असे मी कोणाला सांगत नाही. मुंबईतील नवजात शिशूंवर झालेला आणि २००५ मध्ये ‘इंडियन पीडिअ‍ॅट्रिक्स’ या नियतकालिकात आलेला एक अभ्यास आहे. त्यात खोबरेल तेलाने मालिश केलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे वजन खनिज तेलाच्या गटापेक्षा अधिक वाढल्याचे दिसले. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची त्वचा अतिशय पातळ असते, तिच्यातून पाणी आणि उष्णता सतत निसटत राहते, त्यामुळे तेलाच्या थराचा तिथे विशेष उपयोग होत असावा. आपले बाळ ५ महिन्यांचे, पुऱ्या दिवसांचे आणि निरोगी असेल तर तेलाने त्याचे वजन वाढेल अशी अपेक्षा ठेवू नये. त्वचा मऊ राहील आणि मालिश झाल्यावर ते शांत झोपेल, हा लाभ पुरेसा आहे.

ज्या बाळांना गालांवर, कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या घड्यांत लाल, खाजरे, खरखरीत चट्टे येतात, म्हणजे ज्याला आम्ही अ‍ॅटॉपिक एक्झिमा म्हणतो, त्यांच्याबाबत मात्र या तेलाच्या बाजूने बरा पुरावा आहे. फिलिपिन्समधीलच २०१४ च्या अभ्यासात सौम्य ते मध्यम एक्झिमाच्या ११७ मुलांना ८ आठवडे तेल लावले. खोबरेल तेलाच्या गटात आजाराच्या तीव्रतेचा गुणांक सरासरी ६८ टक्क्यांनी उतरला आणि खनिज तेलाच्या गटात ३८ टक्क्यांनी. अशा त्वचेवर स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाच्या जंतूची वस्ती असते. लॉरिक आम्ल आणि त्यापासून होणारे मोनोलॉरिन या जंतूला मारक ठरते, हे या फरकाचे एक कारण असावे. प्रौढ रुग्णांवरच्या २००८ च्या अभ्यासातही ऑलिव्ह तेलापेक्षा खोबरेल तेलाने या जंतूचे प्रमाण बरेच अधिक घटले होते. हे सारे अभ्यास ताज्या नारळापासून काढलेल्या, न शुद्धीकृत केलेल्या तेलाचे आहेत, आणि ते सौम्य ते मध्यम आजाराचे आहेत, हे विसरू नये. चट्टे पाणावलेले, पिवळट खपल्यांचे असतील तर डॉक्टरांकडेच जावे. जन्मापासून रोज काहीतरी स्निग्ध लावत राहिले की एक्झिमा होतच नाही, हा समजही टिकलेला नाही. ब्रिटनमध्ये १३९४ बाळांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पहिले वर्षभर स्निग्ध मलम लावूनही एक्झिमाचे प्रमाण घटले नाही.

शहरातील बरेच तरुण आईबाप ऑलिव्ह तेलाची महागडी बाटली घेऊन येतात आणि आजीचे खोबरेल तेल मागासलेले मानतात. या बाबतीत मी आजीच्या बाजूचा आहे. ऑलिव्ह तेलात ओलिक आम्ल भरपूर असते आणि ते त्वचेच्या वरच्या थरातील स्निग्ध पदार्थांची बांधणी सैल करते, तर खोबरेल तेलात हे आम्ल दहा टक्क्यांच्या आतच असते. मोहरीचे तेलही बाळाच्या त्वचेला झोंबू शकते.

परंतु आजीच्या तीन रीतींना माझा ठाम विरोध आहे. पहिली म्हणजे बाळाच्या नाकात आणि कानात तेलाचे थेंब सोडणे. पाणी श्वासनलिकेत गेले तर ठसका लागतो, तेल मात्र ठसका न लागता गुपचूप फुफ्फुसात उतरते आणि तिथे सूज निर्माण करते. या न्यूमोनियाला जंतुनाशक औषधांचा उपयोग होत नाही आणि तो महिनोन् महिने रेंगाळू शकतो. दुसरी रीत सर्दी झाली की तेलात कापूर विरघळवून छातीला चोळण्याची. कापूर त्वचेतून आणि श्वासावाटे शरीरात जातो आणि लहान बाळाला त्याने झटके येऊ शकतात. दोन वर्षांखालील मुलांच्या अंगाला कापराचे तेल कोणत्याही कारणाने लागता कामा नये, आणि कापूर घातलेली बाटली घरात असेल तर ती उंच ठेवावी. तिसरी रीत म्हणजे टाळू भरणे. टाळूवर तेलाचा हलका हात फिरवण्याने काही बिघडत नाही, पण तेल जिरवण्यासाठी दाब देऊ नये. टाळू साधारण दीड वर्षापर्यंत आपोआप भरते आणि तेलाने ती लवकर किंवा अधिक घट्ट भरत नाही. डोक्यावर पिवळट चिकट खपल्या धरल्या असतील तर तेल अर्धा तास ठेवून मऊ ब्रशने त्या सैल कराव्यात आणि डोके नक्की धुवावे. तेल तसेच ठेवले तर त्या खपल्या पुन्हा दाट होतात.

मार्च उजाडला की बाळाचे तेल कमी करावे आणि आंघोळीआधी लावून धुऊन टाकावे. उन्हाळ्यात अंगावर राहिलेल्या तेलाने घामाची छिद्रे कोंडून घामोळे येते. कोकणात तर वर्षातले आठ-नऊ महिने हाच नियम लागू पडतो.

आपले केस आता पाहू. बाळंतपणानंतर दोन ते चार महिन्यांनी केस गळू लागणे ही बहुतेक आयांची कहाणी असते. गर्भारपणात संप्रेरकांमुळे जे केस गळायचे थांबलेले असतात ते नंतर एकदमच विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि काही महिन्यांनी एकत्र सुटतात. मुळे शाबूत असतात, त्यामुळे सहा महिने ते वर्षभरात केस बहुधा पूर्ववत होतात. तेल लावून चोळले की हातात जास्त केस येतात, कारण सुटायला टेकलेले केस त्या दिवशी सुटतात. तेलाने ते गळवले असे नाही, आणि तेलाने ते थांबणारही नाहीत. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घेणे हे या काळात तेलाच्या कोणत्याही बाटलीपेक्षा उपयोगी आहे. खोबरेल तेलाने नवे केस उगवतात किंवा चाई भरून येते असे दाखवणारा भरवशाचा अभ्यास माझ्या तरी पाहण्यात नाही.

मग केसांना तेल लावायचेच नाही का? अवश्य लावावे, पण मुळांसाठी म्हणून नव्हे तर केसांच्या लांबीसाठी. केसाच्या पृष्ठभागावर कौलांसारखे एकावर एक चढवलेले सूक्ष्म पापुद्रे असतात. केस पाण्यात भिजला की फुगतो, कौले उचकटतात, सुकला की पुन्हा बसतात, आणि हे शेकडो वेळा झाले की कडा तुटून आतले प्रथिन झिजते. खोबरेल तेलाचे रेणू लहान, सरळ आणि प्रथिनांशी जुळणारे असल्यामुळे ते केसाच्या आत शिरतात आणि पाण्याने होणारी ही फूग कमी करतात. खनिज तेल आणि सूर्यफुलाचे तेल वरच राहते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ज्या अभ्यासाने हे दाखवले तो मुंबईत मॅरिको या कंपनीच्या संशोधकांनी केला होता, आणि ही कंपनी स्वतःच खोबरेल तेल विकते, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. असे असूनही तेल केसात शिरते हा मुद्दा मला पटतो, कारण त्यामागची भौतिक कारणे सुसंगत आहेत आणि केस धुण्याआधी तेल लावणाऱ्या स्त्रियांच्या केसांची टोके कमी दुभंगतात हे रोजच्या तपासणीतही दिसते. म्हणून न्हाण्याच्या आदल्या रात्री किंवा किमान तासभर आधी, मुळांपासून दोन बोटे सोडून, टोकांपर्यंत तेल लावावे. न्हाऊन झाल्यावर लावलेल्या तेलाने चकाकी येते, पण पाण्याने होणारे नुकसान तोवर झालेले असते.

मुळे सोडायला सांगतो याचे कारण आपल्या कपाळावरच आहे. डोक्याचे तेल घामाबरोबर आणि उशीच्या अभ्र्यावरून कपाळावर उतरते, छिद्रांच्या तोंडाशी केराटिनचे बूच बसते आणि सारख्या आकाराच्या बारीक पुटकुळ्या केसांच्या रेषेलगत उठतात. या प्रकाराचे वर्णन त्वचारोगशास्त्रात १९७० पासून आहे. लॉरिक आम्ल मुरुमांच्या जंतूंना मारते हे प्रयोगशाळेतले निरीक्षण खरे आहे, आणि त्याच्याच जोरावर चेहऱ्याला खोबरेल तेल लावण्याचा सल्ला सर्वत्र फिरतो. पण बशीतल्या जंतूला छिद्रे नसतात. छिद्रे बुजवण्याच्या बाबतीत या तेलाची गणना वरच्या श्रेणीत होते. त्यामुळे तेलकट आणि मुरुमांच्या चेहऱ्यावर ते लावू नये असेच मी सांगतो. तेल डोक्यावरून दूर ठेवले, अभ्रा दर दोन दिवसांनी बदलला आणि कपाळ सौम्य फेसवॉशने दोनदा धुतले तर सहा-आठ आठवड्यांत आपल्या पुटकुळ्या ओसराव्यात.

कोंड्याचेही तेच आहे. डोक्याच्या त्वचेवरचा कोंडा हा ‘कोरडेपणा’ नसून बहुधा मॅलॅसेझिया या बुरशीशी निगडित सौम्य दाह असतो, आणि ही बुरशी स्निग्ध पदार्थांवरच जगते. कोंड्यावर तेल थापले की खपल्या दोन दिवस चिकटून बसतात, दिसत नाहीत, म्हणून गुण आल्यासारखे वाटते. याला अपवाद सोरायसिसच्या जाड खपल्यांचा: तिथे रात्रभर तेल ठेवून सकाळी औषधी शाम्पूने धुतले की औषध आत पोचते.

बाळंतपणानंतर गालांवर वांग उठला असेल तर खोबरेल तेलाने तो जात नाही, आणि त्यात लिंबाचा रस मिसळून उन्हात गेल्यास त्वचा भाजून आणखी काळे डाग पडू शकतात. तेल ऊन अडवते हेही खरे मानू नये. वासाच्या आणि रंगाच्या तेलांविषयी एक सूचना. ज्या बायकांच्या कपाळावर आणि कानशिलांवर हळूहळू करडी-काळी झाक येते, त्यांना मी आधी तेलाची बाटली घेऊन यायला सांगतो. पुष्कळदा ती शुद्ध खोबरेल तेलाची नसून सुगंधी केशतेलाची निघते, आणि दोष सुगंधी द्रव्यांच्या अ‍ॅलर्जीचा असतो.

दिरांच्या दोन चमच्यांकडे येतो. मोठा चमचाभर खोबरेल तेल म्हणजे सुमारे १४ ग्रॅम मेद आणि १२० कॅलरी. दोन चमच्यांत २४० कॅलरी आणि जवळपास २४ ग्रॅम संपृक्त मेद पोटात जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे संपृक्त मेद एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत असावा, म्हणजे २००० कॅलरींचा आहार घेणाऱ्याला दिवसाला २२ ग्रॅम. दीर न्याहारीला बसण्याआधीच ती मर्यादा ओलांडतात, आणि दिवसभराचे तूप, दूध, मटण अजून यायचे असते.

या तेलाने वजन उतरते ही समजूत आली ती मध्यम लांबीच्या मेदाम्लांवरच्या अभ्यासांतून. त्यांत वापरलेले तेल मुख्यतः कॅप्रिलिक आणि कॅप्रिक या ८ आणि १० कार्बनच्या आम्लांचे, खास तयार केलेले होते. ती आम्ले आतड्यातून थेट यकृताकडे जातात आणि लगेच जळतात. खोबरेल तेलात या दोहोंचा वाटा साधारण १५ टक्केच असतो. १२ कार्बनच्या लॉरिक आम्लाला कागदोपत्री मध्यम लांबीचे म्हणत असले तरी शरीरात त्याचा बराचसा भाग लांब मेदाम्लांच्याच वाटेने, लसिकावाहिन्यांतून रक्तात पोचतो. नावातल्या साम्यावरून एका तेलाचे गुण दुसऱ्याला चिकटवले गेले, असा हा प्रकार आहे.

रक्तातील चरबीविषयीचे चित्र असे. १६ चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण २०२० मध्ये ‘सर्क्युलेशन’मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार सूर्यफूल, सोयाबीन यांसारख्या तेलांच्या तुलनेत खोबरेल तेलाने वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, डेसिलिटरमागे सुमारे १० मिलिग्रॅमने वाढते आणि चांगले एचडीएल सुमारे ४ मिलिग्रॅमने वाढते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्येच या तेलाच्या विरोधात सल्ला दिला होता. याच्या उलट बाजूला केरळातील, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास ठेवावा लागतो. त्यात हृदयविकार असलेल्या सुमारे २०० रुग्णांना दोन वर्षे स्वयंपाकात खोबरेल किंवा सूर्यफूल तेल दिले आणि दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. त्या रुग्णांपैकी बहुतेक जण कोलेस्टेरॉलची औषधे घेत होते, आणि तेल बेतशीर होते. पॅसिफिकमधील टोकेलाऊ बेटांवरचे लोक निम्म्याहून अधिक कॅलरी नारळातून मिळवत असूनही त्यांच्यात हृदयविकार क्वचित होता, हे १९८१ चे निरीक्षण अनेकजण पुढे करतात. ते लोक नारळ आणि मासे खात होते, होडी वल्हवत होते, आणि बाटलीतले तेल उपाशीपोटी पीत नव्हते.

माझे मत असे की मालवणी घरात माशाच्या आमटीला किंवा उसळीला वाटपात ओला नारळ लागतो तो लागू द्यावा, कारण खोबऱ्याबरोबर तंतूही पोटात जातात. फोडणीला खोबरेल तेल आवडत असेल तर ते इतर तेलाच्या जागी वापरावे, त्यात भर म्हणून नव्हे. चमच्याने पिणे मात्र दिरांनी थांबवावे आणि दोन महिन्यांनी लिपिड तपासून घ्यावे. सासऱ्यांना मधुमेह आहे, म्हणून त्यांनी तर हा प्रयोग करूच नये.

न विचारलेल्या दोन गोष्टी सांगतो, कारण त्यांनी झालेले नुकसान मी वरचेवर पाहतो. भाजल्यावर लगेच तेल लावू नये. भाग २० मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावा, कारण तेलाने आतली उष्णता कोंडते. नायट्यावर, म्हणजे जांघेतल्या आणि कमरेच्या गोल खाजऱ्या चट्ट्यांवर, तेल लावू नये, आणि दुकानातून स्टिरॉइडमिश्रित मलम आणून त्यावर तेल तर मुळीच चोळू नये.

आता आपल्या बाटलीविषयी. गावाहून येणारे तेल वाळवलेल्या खोबऱ्याचे घाण्यावर काढलेले असेल तर खोबरे नीट वाळले होते का, हे विचारावे. ओलसर खोबऱ्यावर बुरशी धरते आणि तिची विषद्रव्ये तेलात उतरू शकतात. ओल्या नारळाचा रस आटवून घरी काढलेले तेल सुवासिक आणि त्वचेला उत्तम असते, पण त्यात पाण्याचा अंश राहतो, त्यामुळे ते काही आठवड्यांत आंबूस किंवा साबणासारखे वासू लागते. असे वासलेले तेल बाळाला लावू नये. विकत घेताना लेबलावर ‘खाद्य तेल’ असे लिहिलेले आणि सुगंध नसलेले तेल घ्यावे. लहान पुड्यातले शुद्ध खोबरेल तेल खाद्यतेल की केशतेल, हा करआकारणीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता आणि डिसेंबर २०२४ मध्ये तो खाद्यतेलाच्या बाजूने सुटला, यावरून दोन्हींतली रेषा किती पुसट आहे हे कळते. भेसळही होते. २०१८ मध्ये केरळ सरकारने खोबरेल तेलाच्या कितीतरी ब्रँडांच्या विक्रीवर त्यामुळे बंदी घातली. फ्रिजमध्ये ठेवून गोठते का, ही घरगुती परीक्षा अर्धीच आहे. न गोठणारा थर वर राहिला तर भेसळ नक्की, पण सगळे गोठले म्हणून शुद्धता सिद्ध होत नाही, कारण पामच्या बियांतील गरापासून काढलेले तेलही तसेच गोठते.

पुण्याच्या थंडीत तेल गोठेल तेव्हा बाटली गॅसवर धरू नये, कोमट पाण्याच्या भांड्यात उभी करावी, आणि लागेल तेवढेच तेल कोरड्या चमच्याने वाटीत काढावे. बाळासाठी लहान बाटली वेगळी भरून ठेवावी, कारण सासऱ्यांच्या नडग्यांना लागलेली बोटे ज्या वाटीत पुन्हा बुडतात, ती वाटी बाळाच्या अंगापर्यंत जाऊ नये.